चाकाजवळची कॉफी

माधवीला वाटतं, इतक्या वर्षांच्या संसारानंतर आपल्या नवऱ्याबद्दल आपल्याला माहीत नाही असं काही उरलेलं नाही. एक उरलंय. ते तिला सांगितलेलं नाही, आमच्या लेकीला, इराला नाही, कऱ्हाडला आईला फोनवर नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक. आणि दुसरं — जाऊ दे, दुसरं सुचलं तर ओघात येईलच.

आधी एक सांगून ठेवतो. ही रडकी गोष्ट नाही. यातला बराचसा भाग आनंदाचा आहे, आणि तीच खरी पंचाईत आहे. वाईट वागून माणसाला वाईट वाटलं, तर निदान काहीतरी फिटल्यासारखं होतं. मला वाईट वाटलं नव्हतं. मला फार छान वाटलं होतं.

सिंगापूरमध्ये आम्ही राहतो ती इमारत म्हणजे एक जुनी गिरणी. कापडाची नव्हे, साबुदाण्याची. हसू नका. मागच्या ओढ्यावर लाकडी पाणचक्की होती, तिच्यावर साबुदाण्याचं पीठ निघायचं. मग इंजिन आलं, मग धंदा बसला, मग बरीच वर्षं नुसतं गोदाम होतं. शेवटी एका बिल्डरने जाड भिंती आणि लोखंडी तुळया तशाच ठेवून आत फ्लॅट काढले. चाकही ठेवलं — अंगणात, शोभेला. फक्त ओढा राहिला नव्हता, म्हणून खाली पंप बसवला. म्हणजे आता पंप पाणी वर चढवतो, ते पाणी चाकावर पडतं, चाक फिरतं, आणि त्यातून काहीही दळलं जात नाही. लोक फोटो काढतात.

सार्सच्या साथीनंतर घरांचे भाव पडले होते, आमचा पीआर, म्हणजे इथं कायम राहण्याचा परवाना, नुकताच झाला होता. मी घर बघायला गेलो आणि ते चाक पाहून तिथंच पाघळलो. माधवी म्हणाली, "साबुदाण्याच्या गिरणीत राहायचं म्हणजे काय, रोजच एकादशी?" पण तिलाही आवडलं होतं. इराने खिडक्या मोजल्या आणि चालेल या अर्थी, इथल्या इंग्रजीत "कॅन, कॅन" म्हणून मान डोलावली. झालं घर.

मी का पाघळलो, हे माधवीला ठाऊक आहे. माझे वडील कऱ्हाडला पिठाची गिरणी चालवायचे. मी कॉलेजात असताना मित्रांना सांगायचो, "वडिलांचा बिझनेस आहे." तो खोटेपणा आता जुना झाला, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. माझा कबुलीजबाब त्याचा नाही.

मग घरघंटी आली. इथं परदेशात मिळत नाही असं काही नसतं, पण पाकिटातल्या पिठाचं थालीपीठ थापताना माधवीचा चेहरा जो व्हायचा, तो बघवत नसे. एका मित्राचं सामान पुण्याहून कंटेनरने येत होतं, त्यात आमची घरघंटी आली — दळण दळायचं ते घरगुती कपाट हो, पांढरं, मागच्या खोलीत बसवलेलं. आणि आता ऐका. आमच्या इमारतीच्या कमिटीचा सेक्रेटरी मी. रहिवाशांनी आवाज करू नये, हे परिपत्रक मीच लिहिलेलं. ड्रिल चालणार नाही, हातोडा चालणार नाही, "अथवा अन्य कोणतेही यंत्र". हे शेवटचे शब्द खास माझ्या डोक्यातले. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते अन्य यंत्र माझ्याच घरात येऊन उभं राहिलं.

म्हणून आम्ही शनिवारी भर दिवसा दळायचो, जेव्हा अर्धी इमारत बाहेर असते आणि पंपाचाही आवाज चालू असतो. बातमी मात्र पसरली — आपल्या लोकांत पसरायची तशी. मरीन परेडहून कुलकर्णीवहिनी भाजणीचं भाजलेलं धान्य घेऊन यायच्या. चांगी बिझनेस पार्कमधली एकटी राहणारी पोरं ज्वारी आणायची आणि वर जेवून जायची. मी बनियनवर, डोक्याला रुमाल बांधून मालक झालेलो. "आधी गहू टाका, बाजरी नंतर. बाजरीवर गहू दळलात तर पोळ्या काळपट होतील!" हे मी बँकेत आठवडाभर जो आवाज वापरायचो त्या आवाजात नाही, वडिलांच्या आवाजात म्हणायचो. इरा दारातून, शेवटी इथला 'लाह' लावून, ओरडायची, "बाबा, सो लाउड लाह!" यंत्राला म्हणायची की मला, कोण जाणे.

आठवड्यातला तो माझा सगळ्यात सुखाचा वेळ होता. हे लक्षात ठेवा.

पहिल्याच महिन्यात, आवाज कितपत जातो ते बघायला मी खाली अंगणात उतरलो. माधवी वर दळत होती. आणि काय चमत्कार — आमच्या खिडकीतून काहीच ऐकू येत नव्हतं. घरघंटी उभी होती ती नेमकी जुन्या तुळईवर, आणि ती तुळई भिंतीतून थेट चाकाच्या आसापर्यंत गेलेली. सगळी घरघर तिथून निघत होती. चाकातून. जणू ते जुनं धूड पुन्हा दळायला लागलंय. मला इतकं हायसं वाटलं, की मी मोठ्याने हसलो.

आणि मग पाहिलं, तर चाकाच्या खांबाला तळहात टेकून, लाल प्लॅस्टिकच्या स्टुलावर आंटी सिओक बसल्या होत्या.

आंटी सिओक आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. सत्तरीच्या पुढच्या, ठेंगण्या, फुलाफुलांचा ब्लाउज, आणि बोलायला लागल्या की लिफ्टचं दार बंद होऊ देणार नाहीत. त्यांनी मला हाक मारली.

"मिस्टर शिंदे, तुला पण ऐकू येतं ना?"

मी म्हणालो, "येतं."

"चाकातून ना?"

"चाकातूनच."

दोन्ही उत्तरं खरी होती. माझा जन्म हिशेब तपासण्यात गेला — सगळे आकडे खरे ठेवून ताळेबंद खोटा कसा करतात, हे मला शिकवायला नको.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील याच गिरणीत कामाला होते. मागे चाळीसारख्या खोल्या होत्या, तिथं त्या जन्मल्या. पापा संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या असायच्या. आई आधी त्यांना गाळणीतून गाळलेली काळी कॉफी द्यायची, मगच आंघोळ. नवरा गेल्यावर आंटींनी मोठा फ्लॅट विकला आणि इथं, चाकाला लागून असलेला सगळ्यात लहान फ्लॅट हट्टाने घेतला. "आणि बघ, पापा पण आले," त्या म्हणाल्या. "फक्त शनिवारी येतात. बाकीचे दिवस दुसरीकडे काम असेल."

किती सरळपणे म्हणाल्या! गावाहून पाहुणा आल्याचं सांगावं, तसं.

पांढऱ्या पापण्यांचं ऐकल्यावर मी तिथंच सांगून टाकायला हवं होतं, नाही का? "आंटी, वर माझी बायको भाजणी दळतेय." एवढं एक वाक्य. पण परिपत्रक होतं. आणि खरं सांगू — त्या खांबाला हात लावून जे हसत होत्या, ते हसू माझ्या दळणाला होतं. माझ्या वडिलांच्या गिरणीत बसून त्या आवाजाकडे कुणी असं हसत पाहिल्याचं मला आठवत नाही. मी तर नक्कीच नाही.

पुढच्या शनिवारी त्यांनी चाकाजवळच्या दगडी कट्ट्यावर मग ठेवला. निळ्या काठाचा, पांढरा, टवके उडालेला. त्यात काळी कॉफी. संध्याकाळी ती थंड कॉफी त्या अंगणातल्या एका चाफ्याच्या बुंध्याशी ओतायच्या. मी विचारलं, "पापा पीत नाहीत?" तर म्हणाल्या, "वास घेतात लाह. म्हाताऱ्या माणसाला तेवढं पुरतं."

असं किती दिवस चाललं? बरेच. दिवाळीत तर चकल्यांच्या भाजणीमुळे दोन दोन तास यंत्र चालायचं आणि आंटी म्हणायच्या, "पापांना ओव्हरटाइम!" आम्ही खाली चकल्या पाठवायचो, त्या वर अननसाच्या वड्या पाठवायच्या. ज्या पिठाच्या दळण्याला त्या पापा म्हणत होत्या, त्याच पिठाची चकली त्या कुडुमकुडुम खायच्या. मला हसू यायचं. वाईट हसू नव्हे, अगदी पोटातून, आवडीचं.

इथवर मी तुम्हाला जे सांगितलं ते फार झालं तर लबाडी म्हणता येईल. इथवरचं मी एखाद्या पार्टीत विनोद म्हणूनही सांगू शकलो असतो. पुढचं नाही.

आंटींची एकुलती एक मुलगी ऑस्ट्रेलियात, पर्थला. ज्यून तिचं नाव. तिला मुलगी झाली तेव्हा ती बाळाला घेऊन आली आणि आईला म्हणाली, आता तू कायमची तिकडेच चल. खोली तयार आहे, बाग आहे, बाळाला आजी हवी आहे. आंटी म्हणाल्या, पापांना एकटं सोडून कशी येऊ? ज्यून हबकली. शनिवारी तिने स्वतः तो आवाज ऐकला. मग जिन्यात मला गाठलं.

"तुम्ही कमिटीवर आहात. पंपच आहे ना तो? किंवा पाइप? प्लीज, तुम्ही सांगा आईला. माझं नाही ऐकत ती, तुम्हाला खूप मानते."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "पंपाबद्दल कमिटीकडे अशी काही तक्रार आलेली नाही." आणि बाळाचा गाल ओढला.

तरी ज्यून चिवट निघाली. रोज फोन, रोज बाळाचं हसणं आईच्या कानाशी. हळूहळू आंटी डळमळल्या. एका शुक्रवारी मी कामावरून येत होतो, तर त्यांनी अंगणात थांबवलं. चेहरा असा, की लॉटरीचं तिकीट काढलंय.

"मिस्टर शिंदे, मी ठरवलंय. ज्यून म्हणते पाइप आहे. मी म्हणते पापा. कोण खरं, कोण खोटं? उद्या कॉफी ठेवते. पापांना सांगून ठेवलंय — नुसता वास घ्यायचा नाही, प्यायची. प्यायले तर मी इथेच. नाही प्यायले तर पर्थ. फेअर, राइट?"

"फेअर," मी म्हणालो.

आणि मी खरंच तसंच समजत होतो. चला, सुटलो. कॉफी कोण पिणार? आंटी जातील, नातीला खेळवतील, कुणाला काही सांगावं लागणार नाही. रात्री मला छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी माधवीने उपासाची भाजणी दळायला घेतली — राजगिरा, वरी, साबुदाणा. हो, साबुदाणाही. मी नेहमीप्रमाणे आवाज बघायला खाली आलो. चाक घुमत होतं. कट्ट्यावर मग. त्यातून वाफ. आंटींच्या घरात फोन वाजला होता आणि त्या आत ज्यूनशी बोलत होत्या. पाठ दाराकडे होती. अंगणात दुसरं कुणी नव्हतं.

मी मग उचलला आणि कॉफी प्यायलो.

हेच ते. घोट घेतला असं नाही. पूर्ण मग, तळाच्या गाळापर्यंत. जीभ भाजली. नंतर मी तो मग होता तिथंच, त्याचा कान चाकाकडे करून ठेवला — एखादा कामगार चाकाकडे तोंड करून पिऊन ठेवील तसा. एवढं मला सुचलं! मग चौदा वर्षांच्या पोरासारखा दोन दोन पायऱ्या घेत वर पळालो.

का? हा प्रश्न मी बराच काळ घोळवत बसलेलो आहे. खाली नवीन शेजारी आला असता आणि त्याने तक्रार केली असती, हे एक कारण. आंटींचा विश्वास मोडला असता, हे दुसरं, जरा सुबक. वडिलांचं तिसरं, तेही फार सुबक. पण ही सगळी मी मागाहून जमवलेली आहेत. त्या क्षणी डोक्यात काहीच नव्हतं. आमचे शनिवार चालू राहावेत असं वाटलं, आणि हात पुढे गेला. दुसऱ्या कुणाच्या तरी घरचं बाळ त्या हाताच्या आड आलं, ते मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणणार नाही. त्याच्या गालाला मीच हात लावला होता.

खालून किंचाळी आली. मग पत्र्याचा डबा बडवल्याचा आवाज. आंटी अंगणात बिस्किटांचा डबा वाजवत नाचत होत्या — अक्षरशः नाचत होत्या, सपाता पायातून निघाल्या तरी. "प्यायले! प्यायले! सगळी प्यायले!" सिक्युरिटीवाला धावत आला. दाराखिडक्या उघडल्या. कुणी खरं मानलं, कुणी डोळे मिचकावले, पण त्या दुपारी अख्खी इमारत खाली उतरली. आंटींनी हॉकर सेंटरमधून, म्हणजे जवळच्या खाण्याच्या टपऱ्यांवरून, डझनांनी खाणं मागवलं. स्वतः साबुदाणा शिजवला, वर नारळाचं दूध आणि पातळ काळा गूळ. माधवीला कळलं तेव्हा ती ताबडतोब म्हणाली, "साबुदाण्याच्या गिरणीतले आजोबा ना? मग खिचडी हवीच!" आणि दाण्याचं कूट घातलेल्या खिचडीची मोठी परात खाली आली. एक ताटली चाकापाशी ठेवली, लिंबाच्या फोडीसकट.

आंटींनी मला मिठी मारली. म्हणाल्या, "तू साक्षीदार."

मी दोन वाट्या साबुदाणा खाल्ला. इरा म्हणाली, "बाबा, यू सो हॅपी, फॉर व्हॉट?" मी हसलो. मला आठवतं ते हेच की मी हसलो, आणि ते खोटं हसू नव्हतं. इतका आनंदाचा शनिवार आमच्या त्या अंगणाने पुन्हा पाहिला नाही.

त्या संध्याकाळी आंटींनी पर्थला नाही म्हणून कळवलं. ज्यूनने बरेच दिवस फोन केला नाही.

नंतर काही वर्षं सगळं पूर्ववत. कॉफी, चाक, दळण. नातीचे फोटो यायचे. आंटी ते दाखवायच्या — बसायला लागली, चालायला लागली, दात पडले. मी "वा, वा" म्हणायचो. मग आंटींचे गुडघे गेले आणि अंगणात उतरायच्या पायऱ्याही जमेनाशा झाल्या, तेव्हा ज्यून न विचारताच आली. यावेळी आंटी भांडल्या नाहीत. ज्यूनबरोबर तिची मुलगी होती, शाळेत जाणारी, दोन वेण्यांची. ज्यूनने तिला पुढे केलं. ती आजीसमोर उभी राहिली आणि तिने हात पुढे केला. शेकहँडसाठी. परक्या, मोठ्या बाईशी नीट वागायचं असतं ना, तसा. "नाइस टु मीट यू," म्हणाली.

आंटींनी तो हात हातात घेतला आणि त्यांना क्षणभर कळेना, त्याचं पुढे काय करायचं. मी सामान उचलायला गेलेलो. मी ते पाहिलं.

कधीकधी मनाला एक पळवाट सापडते — आंटींना सगळं माहीत असेल. वरून पिठाचा वास येत असेल, त्यांनी ओळखलं असेल, त्यांनाही जायचं नसेल, म्हणून दोघांनी मिळून... नाही. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. ही सोय मी करून घेणार नाही.

टॅक्सीत बसताना त्यांनी तो निळ्या काठाचा मग मला दिला. "शनिवारी ठेवत जा हं. साखर जास्त घाल, पापांना गोड लागते."

ठेवतो. माधवीला वाटतं, किती भला माणूस. पर्थचं आणि आमचं घड्याळ एकच आहे. दर शनिवारी, दळण चालू असताना, तिकडून फोन येतो. मी खाली जातो आणि मोबाइल चाकाच्या खांबाला टेकवून धरतो. तिकडे दोघी कान लावून ऐकतात — हो, आता दोघी. नात आजीच्याच खोलीत झोपते म्हणे. तिचं खिदळणं मला इथं ऐकू येतं. छान खिदळते. ते तिच्या वाट्याला कितीतरी आधी यायला हवं होतं.

परवा तिने आजीच्या हातून फोन घेतला आणि मला विचारलं, "अंकल, कॉफी खरंच पितात ते?"

चाक घुमत होतं. वर माधवी ज्वारी टाकत होती. सांगायची वेळ तीच होती. याहून चांगली कुठली यायची?

"एकदा प्यायले होते," मी म्हणालो.

पलीकडे दोघी आनंदाने ओरडल्या.

प्यायलो होतो मी. साखर खरंच जास्त होती. आणि मला ती फार आवडली होती.